किडनी किती ताठरली?

दहा-बारा वर्षे बीपीची गोळी घेणाऱ्यांचा रिपोर्ट पुष्कळदा असा असतो : क्रिएटिनिन १.१, सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे नॉर्मल. घरचे निश्चिंत होतात. पण क्रिएटिनिन उशिरा बोलते. किडनीचे जवळपास निम्मे काम थांबेपर्यंतही ते नॉर्मलच्या मर्यादेत राहू शकते.

हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. दाब सतत चढा राहिला की तिथल्या बारीक रोहिण्यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. रक्त न मिळालेल्या गाळण्या एकेक करून बंद पडतात आणि त्यांच्या जागी जखमेच्या व्रणासारखे चिवट तंतू येतात. हाच फायब्रोसिस. तो नेमका पाहायचा तर बायोप्सी हवी, म्हणजे सुईने किडनीचा तुकडा काढायचा. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. नुसते बीपी आहे म्हणून ती कोणी करत नाही, आणि करूही नये.

इथे इलॅस्टोग्राफीची आशा वाटते. बाजारात पेरू दाबून पाहतात, तसेच हे काम. सोनोग्राफीचा प्रोब आतल्या भागाला ध्वनिलहरींचा सूक्ष्म धक्का देतो. त्यातून आडवी पसरणारी लहर सेकंदाला जेमतेम काही मीटर वेगाने जाते. भाग ताठर असेल तर ती जोरात पळते, मऊ असेल तर रेंगाळते. यंत्र हा वेग मोजून आकडा देते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. यकृतासाठी अशी तपासणी आता रुळली आहे. फायब्रोस्कॅन हे नाव अनेकांच्या ओळखीचे असेल.

किडनी मात्र यकृतासारखी सरळ नाही. ती पाठीकडे खोल असते, श्वासाबरोबर वरखाली होते. तिच्या आतल्या नलिका विशिष्ट दिशेने रचलेल्या असल्यामुळे प्रोबचा कोन बदलला की आकडाही बदलतो. खरी अडचण रक्ताची आहे. हवा भरलेली सायकलची ट्यूब ताठ लागते, तशी रक्ताने भरलेली किडनीही. डुकरांवरील प्रयोगांत किडनीची रोहिणी दाबल्यावर ताठरता घटली, नीला दाबल्यावर वाढली. म्हणजे आकडा वाढला तो तंतूंमुळे की दाबामुळे, हे उच्च रक्तदाबाच्या रुग्णातच सांगणे कठीण! उलट, आजार पुढे गेला आणि रक्तपुरवठा आटला, तर व्रणांनी भरलेली किडनीही मऊ भासू शकते. प्रत्यारोपित किडनी त्वचेच्या जवळ असल्याने मोजायला सोपी, पण रक्ताचा घोळ तिथेही सुटत नाही.

त्यामुळे 'किडनी स्टिफनेस'चा एकटा आकडा हाती घेऊन घाबरू नये, आणि निर्धास्तही होऊ नये. बीपीच्या रुग्णाने ही तपासणी मागण्याआधी लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी झाली आहे का, ते पाहावे. ती स्वस्त आहे, आणि नेमकी तीच अनेकांची राहून जाते. सकाळची पहिली लघवी त्यासाठी उत्तम. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्ब्युमिन निघाले, तर तीन महिन्यांत पुन्हा तपासावे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही ते तात्पुरते वाढते. पुन्हा जास्तच आले, तर बीपीची गोळी कोणती असावी, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायची वेळ झालेली असते. काही गोळ्या बीपीबरोबर ही गळतीही कमी करतात.