एम. टेक.च्या मुलांना हवी घरची ओळख

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ साली बेळगावात स्थापन झाले आणि अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण सीमाभागाच्या दाराशी आले. आपली मुले मराठी शाळांतून निघून एम. टेक.पर्यंत पोहोचतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तेथे त्यांची जिद्द कशावर टिकते, याचा विचार पालकांनी व समाजाने करायला हवा.

एम. टेक. दोन वर्षांचे. सुरुवातीचे विषय आणि परीक्षा मुलांच्या सवयीच्या असतात. खरी कसोटी प्रबंधाच्या वेळी लागते. तेथे प्रश्नपत्रिका नसते. प्रश्नही आपणच शोधायचा. प्रयोग फसतात, महिनोन्महिने हाती काही लागत नाही. त्याच वेळी बरोबरीचे मित्र बंगळूर-पुण्यात पगार घेत असतात. गल्लीत विचारणा होते, "अजून शिकतोच आहेस?" मुलगी असेल, तर लग्नाचा विषय निघतो.

'गेट' उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्यांसाठी दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिचा आधार मोठाच. पण पैशाने हजेरी भरते, जिद्द येत नाही. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ च्या ग्रंथात प्रेरणेच्या मुळाशी असलेल्या गरजांचा विचार मांडला. निर्णयाचे स्वातंत्र्य, 'मला हे जमते' ही जाणीव आणि आपल्या माणसांशी नाते, या त्या तीन गरजा. पहिल्या दोन बऱ्याच अंशी महाविद्यालयाच्या हाती, तिसरी आपल्या.

आपल्या मुलांचा दिवस तीन भाषांत जातो. घरी मराठी, कचेरीत कन्नड, प्रयोगशाळेत इंग्रजी. ही सीमाभागाची कमाईच आहे. मात्र अभियंता होण्यासाठी मराठी घर उंबऱ्याबाहेर ठेवावे लागते, असे मुलाला वाटू लागले की तो दोन्हीकडे परका होतो. प्रबंध इंग्रजीत लिहावा. पण त्यात काय शोधतो आहोत, हे आईला मराठीत सांगता यावे.

म्हणून एक सूचना. गावोगावची वाचनालये, गणेशोत्सव मंडळे आणि शाळांच्या समित्यांनी अशा विद्यार्थ्यांना अर्धा तास बोलावावे. शाल-श्रीफळ नको, भाषणे नकोत. त्यांनी आपले काम मराठीत समजावावे, आपण प्रश्न विचारावेत. सांगता सांगता विषय त्यांनाही उमगेल आणि समोर बसलेल्या नववीतल्या मुलांना आपल्याच गल्लीतला संशोधक दिसेल. 'अजून शिकतोच आहेस?' याऐवजी 'काय शोधतो आहेस?' असे आपण विचारू लागलो, तरी त्यांना मोठे बळ मिळेल.