गायतोंडे: आकार गाळत गेलेला चित्रकार

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपुरात, एका गोमंतकीय कुटुंबात झाला. बालपण गोव्यात आणि मुंबईत गिरगावच्या चाळीत गेले. 1948 मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाशी त्यांचा संबंध आला. पण त्या गटातल्या इतरांचा आवेश त्यांच्यात कधीच नव्हता.

सुरुवातीच्या चित्रांत माणसे आहेत. भारतीय लघुचित्रांतले सपाट, तेजस्वी रंग आणि पॉल क्ले या स्विस चित्रकाराची रेषा, असा तो मेळ होता. 1950 च्या दशकात माणसे विरघळत गेली, मग रेषाही मागे पडली. मुंबईतल्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये, समुद्राशेजारी, त्यांचा स्टुडिओ होता. 1960 च्या दशकातल्या कित्येक चित्रांत क्षितिजासारखे आडवे पट्टे दिसतात, पण ती समुद्राची चित्रे नव्हेत. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथल्या मार्क रॉथ्को या अमूर्त चित्रकाराशी त्यांची तुलना नेहमी होते. ती अर्धीच खरी आहे, कारण मूर्ताशी गायतोंडे यांनी न्यूयॉर्कला जाण्याआधीच काडीमोड घेतला होता.

त्यांची खरी करामत पृष्ठभागात आहे. कुंचल्याऐवजी ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. पातळ तैलरंगाचे थर एकावर एक चढवायचे, ओल्या रंगावर कागदाचे फाडलेले तुकडे दाबून रंग उचलायचा, हवा तिथे खरवडायचा. त्यामुळे खालचा थर वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो आणि मध्येच एखादी लिपीसारखी खूण उमटते, जिचा अर्थ लावायला जाऊ नये. विचार महिनोन्‌महिने चाले, त्यामुळे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास होत. झेन विचार आणि अद्वैतवादी गुरू निसर्गदत्त महाराजांची शिकवण यांचे त्यांना आकर्षण होते.

1971 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतर ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमध्ये एकट्याने राहिले. कॅनव्हास आता उभे असत, रंग मोजके. 1984 मध्ये त्यांना अपघात झाला आणि मोठे काम थांबले. त्या काळात कागदावर शाईची लहान रेखाटने झाली. 2001 मध्ये ते गेले. 2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला सुमारे 23.7 कोटी रुपये आले. तेव्हापासून चर्चा किमतीचीच जास्त होते, चित्रांची कमी. छापील प्रतिकृतीत त्यांचे थर सपाट होतात. मूळ चित्र कुठे प्रदर्शनात लागले, तर ते समोर उभे राहूनच पाहावे.