इंडियानाचा थोरला प्रशिक्षक

संपादकांनी लेख मागितला होता फुटबॉलवर. लांबट चेंडू हातात धरून धावायचं ते अमेरिकी फुटबॉल. १९ जानेवारी २०२६ रोजी इंडियाना विद्यापीठाने मायामी विद्यापीठाला २७-२१ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. हंगामात १६ सामने, १६ विजय. या संघाच्या खात्यावर आजवरचे ७०० हून अधिक पराभव जमा आहेत. १९६७ नंतर बिग टेन या आपल्या गटाचं विजेतेपदही त्याला लाभलं नव्हतं. २०२३ मध्ये १२ पैकी ९ सामने हरले. त्या वर्षअखेरीस बासष्ट वर्षांचे कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले आणि दोन हंगामांत सगळं पालटलं.

मग प्रश्न येणारच: विद्यापीठाच्या इतिहासात प्रशिक्षकाने करून दाखवलेली सर्वांत मोठी कामगिरी हीच का? सिग्नेटींचं नाव घेऊन मी वाचायला बसले, पण चार दिवस जुने आकडे चाळता चाळता मैदान सोडून पोहण्याच्या तलावाशी जाऊन पोहोचले. तिथून मला उठवेना.

त्याआधी बाकीच्या दावेदारांना त्यांचा मान द्यायला हवा. इंडियाना विद्यापीठ १८२० चं, ब्लूमिंग्टन हे त्याचं गाव, आणि बास्केटबॉल हा त्या राज्याचा धर्म. असेंब्ली हॉल या विद्यापीठाच्या बास्केटबॉल सभागृहात राष्ट्रीय विजेतेपदाचे पाच झेंडे टांगलेले आहेत: १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. पहिले दोन ब्रँच मॅकक्रॅकन यांचे, पुढचे तीन बॉब नाईट यांचे. १९७५-७६ चा नाईट यांचा संघ ३२ सामने खेळला आणि एकही हरला नाही. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक पुरुषांच्या विद्यापीठ बास्केटबॉलमध्ये कुणालाही अपराजित राहून विजेतेपद मिळवता आलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी याच खेळाडूंनी लागोपाठ ३१ सामने जिंकले होते. त्यांच्यातल्या स्कॉट मेचा हात मोडलेला असताना केंटकीने त्यांना ९२-९० असं गाठलं. दोन वर्षांत ६३ विजय आणि एक पराभव! पण नाईट यांच्या नावाबरोबर बाकीचंही येतं: १९८५ मध्ये भर सामन्यात मैदानावर भिरकावलेली खुर्ची, सरावात खेळाडूच्या गळ्यावर हात घातल्याची चित्रफीत, सप्टेंबर २००० मधली बडतर्फी. खेळाडूंनी भीतीपोटी उत्तम खेळ केला, तर त्याचं श्रेय प्रशिक्षकाच्या पारड्यात पूर्ण वजनाने टाकायला माझं मन तयार होत नाही.

जेरी येगली यांच्याबाबतीत ही अडचण नाही. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो तिकडचा सॉकर. येगली १९६३ पासून विद्यापीठाच्या सॉकर क्लबाला शिकवत होते. क्लब म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत संघसुद्धा नव्हे. दहा वर्षं त्यांनी तो जिवंत ठेवला, तेव्हा कुठे १९७३ मध्ये अधिकृत दर्जा मिळाला. पुढे सहा राष्ट्रीय विजेतेपदं. सहावं २००३ मध्ये, आणि त्याच सामन्यानंतर ते निवृत्त झाले. महिला टेनिसचे लिन लोरिंग यांनी १९७७ पासून जवळजवळ चाळीस वर्षं संघ घडवला आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणलं. त्यांचं नाव या वादात फारसं निघत नाही, ते निघायला हवं.

आता तलाव.

जेम्स काउन्सिलमन यांना सगळे डॉक म्हणत. जन्म १९२० चा, बर्मिंगहॅम, अलाबामातला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बी-२४ बॉम्बफेकी विमान चालवलं. युद्धानंतर आयोवा विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि १९५७ मध्ये ते इंडियानाला आले. त्या काळी पोहणं शिकवायचं म्हणजे वाडवडिलांनी सांगितलं ते सांगायचं: हात असा वल्ह्यासारखा सरळ मागे ओढ. डॉकनी साधा प्रश्न विचारला, चांगला पोहणारा खरोखर असं करतो का? वरून पाहून ते कळणार नव्हतं, कारण काम चालतं पाण्याखाली. म्हणून त्यांनी कॅमेरा पाण्याखाली नेला.

त्यातला एक प्रयोग मला फार भावला. पोहणाऱ्याच्या हाताला लुकलुकणारा दिवा बांधायचा, तलाव अंधारा करायचा आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवायची. पट्टीवर नुसती ठिपक्यांची रांग उमटते, म्हणजे पाण्यात हात कुठून कुठे गेला याचा माग. उत्तम जलतरणपटूंच्या हाताचा माग सरळ नव्हताच. तो नागमोडी निघाला. आणि हात पाण्यात जिथे शिरला, जवळजवळ तिथूनच बाहेर पडत होता. म्हणजे हात मागे जात नाही, हाताच्या आधाराने शरीर पुढे जातं. १९७१ मध्ये सहकारी रोनाल्ड ब्राऊन यांच्याबरोबर डॉकनी हे मांडलं. त्यांचा निष्कर्ष असा की हात वल्ह्यापेक्षा विमानाच्या पंख्यासारखा चालतो, आणि पुढे नेणारा जोर बर्नुलीच्या तत्त्वाने मिळणाऱ्या उचलीतून येतो.

डॉकचं काम फक्त प्रयोगशाळेतलं नव्हतं. तलावाच्या काठावर मोठा काटा फिरवणारं घड्याळ ठेवायची कल्पना त्यांची मानली जाते. पोहणाऱ्याने मान वर केली की स्वतःची वेळ दिसावी आणि विश्रांती नेमक्या सेकंदांत मोजली जावी, शिट्टीची वाट पाहावी लागू नये. आज जगातल्या बहुतेक स्पर्धात्मक तलावांच्या काठावर ते घड्याळ असतं. त्यांच्या सरावाच्या तीन पायऱ्या होत्या: दुखणं, वेदना, यातना. आणि यातनेपर्यंत जाणाऱ्या पोरांना बक्षीस मिळायचं जेली बीन्स, रंगीत गोळ्या. जगातले सर्वांत वेगवान तरुण त्या गोळ्यांसाठी जीव तोडायचे. नाईट यांच्या धाकापेक्षा हे मला कितीतरी अवघड वाटतं.

या पद्धतीचं पहिलं ठळक फळ चेट जॅस्ट्रेम्स्की. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय लांब पसरून मग मिटायचे, अशी जुनी रीत. डॉकनी फाकण अरुंद केली, पाय चाबकासारखे मारायला लावले, हाताची ओढ आखूड आणि जलद केली. १९६१ च्या एका उन्हाळ्यात जॅस्ट्रेम्स्कीने १०० मीटरचा विश्वविक्रम पुन्हा पुन्हा मोडला आणि १ मिनिट ७.५ सेकंदांवर आणून ठेवला.

पण तो कधीही विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकला नाही. कारण फुटबॉल! फुटबॉलसाठी खेळाडू भरती करताना नियम मोडल्याबद्दल एनसीएए या विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेने १९६० मध्ये इंडियानाला चार वर्षांची शिक्षा दिली आणि ती सगळ्या खेळांना लागू केली. गटात दरवर्षी पहिला येणारा, देशात बहुधा सर्वांत बलाढ्य असलेला जलतरण संघ दुसऱ्यांच्या चुकीपायी राष्ट्रीय स्पर्धेच्या दाराबाहेर राहिला. त्यातून १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक हा प्रकारच नव्हता. जॅस्ट्रेम्स्की २०० मीटर पोहला आणि कांस्यपदक घेऊन परतला. तो प्रकार आला १९६८ मध्ये, मेक्सिकोत. पहिलं सुवर्णपदक जिंकलं डॉन मॅकेन्झीने. तोही इंडियानाचाच, डॉकचाच.

दार उघडल्यावर काय झालं ते आकडे सांगतात. १९६८ ते १९७३ लागोपाठ सहा राष्ट्रीय विजेतेपदं. १९६१ ते १९८० लागोपाठ वीस वर्षं बिग टेनचं विजेतेपद. दोन विद्यापीठांच्या आमनेसामने लढतींत ओळीने १४० विजय. १९७४ मध्ये सातवं राष्ट्रीय विजेतेपद हुकलं ते एका गुणाने. १९७६ मध्ये माँट्रियलला डॉक अमेरिकी पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. १३ पैकी १२ सुवर्णपदकं त्या संघाने जिंकली. राहिलेलं एक ब्रिटनच्या डेव्हिड विल्कीने नेलं. तिथेच इंडियानाच्या जिम माँटगमेरीने १०० मीटर फ्रीस्टाइल ४९.९९ सेकंदांत पोहून दाखवली. ५० सेकंदांच्या आत येणारा तो पहिला माणूस.

आणि मार्क स्पिट्झ. १९६८ मध्ये सहा सुवर्णपदकांची भाषा करून मेक्सिकोला गेलेला हा मुलगा रिलेची दोन सुवर्णपदकं घेऊन परतला. संघातल्या इतरांशी त्याचं पटत नव्हतं, ज्यू म्हणून टोमणेही खावे लागले होते. १९६९ च्या सुरुवातीला तो ब्लूमिंग्टनला आला. डॉकनी आपल्या पोरांना बजावलं की मागचं ऐकलेलं विसरा, त्याला कोऱ्या पाटीने घ्या. १९७२ मध्ये म्युनिकला सात सुवर्णपदकं, सातही विश्वविक्रमांसह. पण इथे प्रामाणिक राहायला हवं. स्पिट्झ लहानपणी आणि उन्हाळ्यात पोहत असे कॅलिफोर्नियात, शर्म चावूर आणि जॉर्ज हेन्स यांच्याकडे. म्युनिकला अमेरिकी संघाचे मुख्य प्रशिक्षकही डॉक नव्हते, पीटर डालंड होते. त्या सात पदकांत डॉकचा वाटा आहे, मालकी नाही.

प्रामाणिक राहायचंच तर आणखी एक. बर्नुलीचा तो सिद्धान्त पुढच्या संशोधनात तसाच्या तसा टिकला नाही. हाताने पाणी मागे लोटल्यावर मिळणारा थेट जोर डॉकनी मानला त्यापेक्षा बराच महत्त्वाचा आहे, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. नागमोडी मागातलं बरंचसं वळण शरीर कुशीवर कलण्यातूनही येतं. माझ्या लेखी यामुळे डॉक लहान होत नाहीत. त्यांच्या आधी पोहण्यात चूक ठरवता येईल असा सिद्धान्तच नव्हता. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि विरोधकांनी त्यांनीच शिकवलेला पाण्याखालचा कॅमेरा वापरून त्यांना दुरुस्त केलं. त्यांच्या शेजारीच, त्याच तलावावर, हॉबी बिलिंग्स्ली सूर मारणाऱ्यांना न्यूटनचे नियम शिकवत होते. त्यांच्या शिष्यांपैकी केन सिट्झबर्गरने १९६४ मध्ये आणि मार्क लेन्झीने १९९२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. आज तिथलं जलतरण संकुल दोघांच्या नावाने आहे. १९७९ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, डॉक स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले, १३ तास ७ मिनिटांत. तोवर त्या वयाच्या कुणीही ती पार केली नव्हती.

म्हणून माझं मत डॉकना. सिग्नेटींनी एका संघाचं नशीब बदललं, आणि तेही अशा संघाचं की ज्याच्याकडून कुणालाच आशा उरली नव्हती. तो पराक्रम मोठाच. डॉकनी मात्र हजारो मैलांवरच्या, त्यांचं नावही न ऐकलेल्या मुलामुलींची पोहण्याची तऱ्हा बदलली. नुसते झेंडेच मोजायचे असते तर डॉक आणि येगली बरोबरीत राहिले असते.

पण हे मत लिहून झाल्यावर माझी चिंता सुरू होते, आणि ती सिग्नेटींच्या विजयाशीच जोडलेली आहे. त्यांनी संघ उभा केला तो मुख्यतः दुसऱ्या विद्यापीठांतून खेळाडू आणून. ते पूर्वी जिथे प्रशिक्षक होते त्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून बरेच जण त्यांच्याबरोबर आले. विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं हाइझमन पारितोषिक जिंकणारा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला. यात गैर काही नाही, नियमच तसे आहेत. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठ आता आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत थेट वाटू शकतं. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचा पैसा मिळतो आहे, हा न्याय फार उशिरा आला. मात्र हा पैसा बहुतांश जातो फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे, कारण तो तिथूनच येतो. आणि त्याच तडजोडीने शिष्यवृत्तींची मर्यादा काढून संघातल्या जागांवरच मर्यादा घातली. पूर्वी शिष्यवृत्ती नसलेला एखादा मुलगा नुसत्या हौसेने सरावाला येऊ शकत असे. आता तो जागा अडवतो.

इथे मला जॉर्ज ब्रीन आठवतो. इंडियानाला येण्याआधी डॉक न्यूयॉर्क राज्यात कॉर्टलंडच्या महाविद्यालयात शिकवत होते. ब्रीन तिथे आला तेव्हा तो स्पर्धेत पोहणारा मुलगाच नव्हता. साधारण सतराव्या वर्षी, म्हणजे बाकीचे एव्हाना विक्रम करत असतात त्या वयात, त्याने पोहणं मनावर घेतलं. डॉकनी त्याला वेळ दिला. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत त्याने १५०० मीटरचा विश्वविक्रम केला, १७ मिनिटं ५२.९ सेकंद. आजच्या मोजक्या जागांच्या संघात या ब्रीनला कोण घेईल? आणि ज्याचा दुसऱ्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात जायचा विचार चाललाय, त्याच्या पायाची फाकण बदलायला कुठला प्रशिक्षक दोन वर्षं खर्च करील? बदलाच्या पहिल्या हंगामात मुलगा संथच होतो. जुनी सवय मोडेपर्यंत वेळ वाढतच जाते, आणि तेवढा धीर दोघांनाही लागतो.

संघ मोडीत निघण्याची भीतीही काल्पनिक नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने १९९४ मध्ये पुरुषांचा जलतरण संघ बंद केला. २०२० मध्ये आयोवाने तशीच घोषणा केली आणि पुढच्या वर्षी पुरुषांचा संघ संपला. आयोवा म्हणजे जिथे डॉकनी डॉक्टरेट केली आणि जिथले त्यांचे मार्गदर्शक डेव्हिड आर्मब्रस्टर यांनी बटरफ्लाय स्ट्रोक घडवण्यात मोठा भाग घेतला, ते विद्यापीठ. पोहण्याच्या विज्ञानाचं हे माहेर. तिथल्या पुरुष संघाला वाचवण्याइतका पैसा आणि इच्छा एकत्र सापडली नाही.

इंडियानाची स्थिती आज बरी आहे. रे लूझ २००२ पासून तिथे मुख्य प्रशिक्षक आहेत. त्यांच्या तालमीत पोहलेल्या लिली किंगने २०१६ मध्ये रिओत १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं. जॅस्ट्रेम्स्कीपासून चाललेली ब्रेस्टस्ट्रोकची परंपरा तिथे अजून खंडित झालेली नाही. फुटबॉलच्या विजेतेपदाने विद्यापीठाकडे आता देणगीदार येतील, तिकिटं खपतील, दूरचित्रवाणीचा वाटा वाढेल. साठच्या दशकात फुटबॉलच्या चुकीची किंमत तलावाने चार वर्षं मोजली होती. आता फुटबॉलच्या यशातून तलावाला काही मिळतं का, हे विद्यापीठाच्या विश्वस्तांच्या हातात आहे. त्यांनी त्या पैशातून जलतरण संघात मर्यादेपर्यंतच्या सगळ्या जागा दरवर्षी भराव्यात, आणि त्यातल्या दोन-तीन अजून कुणी न पाहिलेल्या, उशिरा पोहायला लागलेल्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात.