निळा धूर काय सांगतो?

सकाळी मोटार सुरू करावी आणि मागून निळसर धुराचा लोट निघावा, हा अनुभव जुनी मोटार जिवापाड सांभाळणाऱ्या कुटुंबांना नवा नाही. थोड्या वेळात धूर विरतो. पण मनातील शंका विरत नाही. ‘इंजिन कामातून गेले, रिंग-पिस्टन बदला,’ असा सल्लाही कोणी देतो. वाचकहो, एवढा मोठा खर्च पत्करण्यापूर्वी तो धूर काय सांगतो, ते आधी समजून घ्या.

रंग ही पहिली खूण. धूर काळा असेल, तर पेट्रोलचे प्रमाण अधिक आहे. थंडीत दिसून लगेच नाहीसा होणारा पांढरा धूर बहुधा वाफच असते. निळा धूर मात्र वंगणाचे तेल जळत असल्याची खूण होय.

हे तेल शिरते कोठून? ॲम्बॅसडरचेच उदाहरण घ्या. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी हौसेने जपलेल्या गाड्या आजही दिसतात. तिच्या पेट्रोल इंजिनातील झडपा, म्हणजे मेस्त्रींचे ‘व्हॉल्व’, माथ्यावर असतात. त्यांच्या दांड्यांवरील रबरी सील उष्णतेने कालांतराने कडक होतात. मग रात्रभर उभ्या गाडीत माथ्यावरचे तेल थेंबाथेंबाने खाली झिरपते आणि सकाळी इंजिन सुरू होताच जळून जाते.

धूर केव्हा येतो, ही दुसरी खूण. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरील पाय काढला आणि पुन्हा दाबताच धूर आला, तरी संशय झडपांकडेच जातो. चढावर, गाडी जोर लावत असता सतत धूर येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले असावेत.

खात्रीसाठी मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. सर्व सिलिंडरांचा दाब पुरेसा व सारखा भरला, तर रिंगांना सहसा दोष देता येत नाही. एखाद्यात तो कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. न वाढल्यास झडप नीट बसत नसेल किंवा गॅस्केट फुटले असेल.

दोष केवळ सीलांचा असेल, तर पुष्कळदा हेड न उतरवताही काम होते. सिलिंडरात हवेचा दाब भरून झडप वर धरतात, स्प्रिंग काढतात आणि नवे सील बसवतात. मात्र झडपेचा दांडा गाईडमध्ये हलत असेल, तर गाईडही बदलावे लागते. नाही तर नवे सील फार काळ टिकत नाही.

तोवर दर आठवड्यास, गाडी सपाट जागी उभी करून, तेलाची पातळी पाहावी व ती वहीत टिपावी. तेल कमी पडले, तर धडधाकट इंजिनही जाम होते. खुणेच्या वरही तेल भरू नये. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका. धूर डोळ्यांना दिसतो. त्याच्याबरोबर निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू दिसतही नाही व त्याला वासही नसतो.