रक्त परत येते तेव्हा : यकृत, औषधे आणि पुराव्याचा प्रश्न

सोलापुरात एखादे कुटुंब मेंदूमृत आप्ताचे यकृत दान करते, तेव्हा ते अनेकदा पुण्याला न्यावे लागते. साधारण २५० किलोमीटर. रस्ता मोकळा ठेवतात, त्याला आपण ग्रीन कॉरिडॉर म्हणतो. एवढी घाई कशाला? रक्त नाही, प्राणवायू नाही, म्हणून पेशी मरतात. उत्तर खरे आहे, पण अर्धे. नुकसानीचा मोठा भाग रक्त पुन्हा सुरू झाल्यावर होतो.

यंत्रमागवाल्यांना हे लगेच कळेल. वीज गेल्याने माग थांबतो. पण ती झटक्यात जादा दाबाने परत आली, तर मोटार जळते.

यकृतात काय होते बघा. रक्त थांबले की पेशीतले एटीपी, म्हणजे ऊर्जेचे चलन, मोडत जाते. हायपोझँथिन आणि सक्सिनेट साचतात. प्राणवायू परत आला की या साठ्यातून काही मिनिटांत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि पेशींचे पडदे खराब करतात. मग यकृतातल्या कुप्फर पेशी दाहाचे संदेश सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि इजा पुढे चालू राहते.

प्रत्येक पायरीवर एक औषध सुचते. अतिक्रियाशील रेणू बनू नयेत म्हणून ॲलोप्युरिनॉल. ते निकामी व्हावेत म्हणून ग्लुटाथिऑन. अवयव थंड ठेवण्याच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या द्रावणात ही दोन्ही असतात. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर देतात ते एन-ॲसिटिलसिस्टीन. दाहासाठी स्टेरॉइड. उंदरांत यांचे निकाल उत्साहवर्धक आहेत. माणसांत मात्र एकमुखी नाहीत. कुठे एसजीपीटी उतरते, पण रुग्ण जास्त जगतात असे ठामपणे दिसत नाही. सगळीकडे नियमित उपचार म्हणून स्वीकारलेले औषध आजही नाही.

असे का? नैयायिकांकडे यासाठी एक शब्द आहे: उपाधी. धूर तिथे अग्नी, हे बरोबर. अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. कारण लाकूड ओले असावे लागते. तो ओलेपणा म्हणजे उपाधी. प्रयोगातला उंदीर बहुधा तरुण असतो, यकृत निरोगी असते, औषध इजेच्या आधी दिलेले असते. प्रत्यक्षात दाता वयस्क असू शकतो, यकृतात चरबी असू शकते. दात्याला आधीच औषध द्यावे, तर त्याची मूत्रपिंडे आणखी कोणाला तरी जाणार असतात! शिवाय कारण एक नाही, साखळी आहे. एक कडी अडवली तरी बाकीच्या चालूच राहतात.

म्हणून अलीकडे वेगळी वाट सापडली. रक्त जोडण्याआधी यंत्राने थंड, प्राणवायूयुक्त द्रावण यकृतातून फिरवायचे, म्हणजे पेशी हळूहळू सावरतात. हृदय थांबल्यानंतर मिळालेल्या यकृतांवरची एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पित्तनलिका अरुंद होण्याची गुंतागुंत १८ टक्क्यांऐवजी ६ टक्के रुग्णांत दिसली. इथे मोजले ते रुग्णाला भोगावे लागणारे दुखणे.

तेव्हा 'यकृत वाचवणारे नवे औषध' अशी बातमी आली, तर तीन प्रश्न विचारा. कोणाच्या यकृतावर? इजेच्या आधी की नंतर? आणि मोजले काय, रक्तातला आकडा की माणसाचे जगणे? दुःखातही ज्यांनी होकार दिला, त्या घराला एवढी चौकशी आपण देणे लागतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.