औषध स्वस्त, सुई महाग : एका पेटंटचा हिशेब

तेंदूपत्त्याच्या हंगामात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आग्या मोहोळ उठणे ही नवी गोष्ट नाही. बहुतेकांचे सूज आणि वेदनांवर निभावते. पण एखाद्याच्या शरीराला माशीचे विष सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो आणि अर्ध्या तासात जान जाऊ शकते. त्यावर पहिला इलाज एकच, मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन. भामरागड किंवा जिवतीकडच्या गावातून दवाखाना गाठायला तेवढा वेळ मिळेलच असे नाही.

अमेरिकेत असे रुग्ण 'एपिपेन' नावाचे तयार पेन जवळ बाळगतात. मांडीवर दाबले की स्प्रिंगच्या जोराने सुई आत जाते आणि ठरलेला डोस मिळतो. आता व्यापारी नजरेने पाहा. आतले औषध जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने 1901 च्या सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. त्यावर कुणाची मक्तेदारी उरलेली नाही. पेटंट घेतली गेली ती पेनाच्या रचनेवर. 2007 साली मायलन कंपनीकडे हा माल आला तेव्हा दोन पेनांची जोडी सुमारे 100 डॉलरला होती. 2016 साली ती 600 डॉलरवर गेली. मोठा गदारोळ झाला, तेव्हा त्याच कंपनीने बिननावाचे तेच पेन 300 डॉलरला काढले! तेवा कंपनीच्या जेनेरिक पेनाला परवानगी मिळाली ती 2018 साली.

कापडवाल्यांना यात नवल वाटू नये. शिवणयंत्राच्या पुर्ज्यांची पेटंट 1856 साली अमेरिकेतील काही कंपन्यांनी एकत्र बांधली आणि 1877 पर्यंत प्रत्येक यंत्रामागे रक्कम वसूल केली. कापड कुणीही विणावे, टाक्याचे पैसे मात्र त्यांना.

आपल्या देशात 1970 च्या कायद्याने औषध बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे, खुद्द औषधाला नाही. त्या आधारावर सिप्लासारख्या कंपन्या वाढल्या. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत स्थापन केलेल्या या कंपनीने, त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांच्या काळात, 2001 साली एड्सची औषधे वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव हजारो डॉलर होता. 2005 पासून आपल्याकडेही औषधाला पेटंट मिळते, परंतु कलम 3(ड) मुळे जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट घेता येत नाही. 2013 साली नोव्हार्टिसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उचलून धरले. उपकरणाची गोष्ट मात्र वेगळी. नव्या उपकरणाला 1970 च्या कायद्यातही पेटंट मिळत होते.

म्हणून जंगलातल्या माणसाने पेनाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. अ‍ॅड्रिनलिनची काचेची कुपी साध्या चहा-नाश्त्याच्या पैशांत येते आणि सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. लसीकरणाच्या वेळी नर्सबाईंच्या पेटीतही ती असते. कमी पडतो तो वेळेवर टोचणारा हात. तेंदूपत्त्याचे ठेकेदार आणि मधाचे व्यापारी यांनी हंगामापूर्वीच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे : कुपी शिल्लक आहे का, रात्री-बेरात्री टोचणार कोण, गाडी कुणाची? पूर्वी ज्याला माशीची जबर बाधा झाली असेल, त्याने डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. शिकल्याशिवाय स्वतः सुई हाती घेऊ नये.

आणि एक. हे औषध ऊन सोसत नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांपुढे जातो, तेव्हा जीपच्या डिकीत ठेवलेली कुपी भरवशाची नाही. पाणी गुलाबी किंवा तपकिरी दिसले तर ती फेकून नवी घ्यावी.