तिघांचा बँड आणि एक उणे चिन्ह

तुमच्या ओळखीत असं एखादं त्रिकूट नक्की असेल. दोघांचं आपसांत बिनसलंय, आणि ते दोघंही तिसऱ्याचे जिगरी दोस्त. अशा वेळी सगळ्यात जास्त डोकं कोणाचं दुखतं? तिसऱ्याचं! नेटवर्क सायन्समध्ये या डोकेदुखीचं चक्क गणित आहे. ते समजून घ्यायला आज आपण एका बँडची गोष्ट बघू: ब्लिंक-१८२.

आधी थोडी ओळख. पॉप-पंक म्हणजे पंक रॉकचा वेग आणि गोंगाट तोच, पण चाल मात्र पहिल्यांदा ऐकून दुसऱ्यांदा गुणगुणता येईल अशी. आपल्याकडे यातलं जास्त ओळखीचं नाव म्हणजे ग्रीन डे. मार्च २०२५ मध्ये ते मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवूनही गेले. ब्लिंक-१८२ त्यांच्या नंतरच्या पिढीतले. १९९२ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या पोवे गावात मार्क हॉपस (बेस) आणि टॉम डीलाँग (गिटार) यांनी एका ड्रमरला सोबत घेऊन बँड काढला. १९९८ मध्ये त्या ड्रमरच्या जागी ट्रॅव्हिस बार्कर आला आणि गाडी सुसाट सुटली. १९९९ चा ‘एनिमा ऑफ द स्टेट’ हा अल्बम एकट्या अमेरिकेत ५० लाखांवर गेला. २००१ चा पुढचा अल्बम थेट बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उतरला.

आणि फेब्रुवारी २००५ मध्ये बँड बंद. ‘अनिश्चित काळासाठी विश्रांती’ असं एक कोरडं निवेदन आलं, बस्स.

आता इथे गंमत बघा. आपण ‘उदय आणि अस्त’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एकच आलेख येतो: लोकप्रियता चढली, मग उतरली. पण इथे लोकप्रियता उतरलेलीच नव्हती! वर्षभरापूर्वीच त्यांचं एक गाणं अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत पहिलं आलं होतं. म्हणजे जे कोसळलं ते श्रोत्यांच्या बाजूने नाही, आतून. त्यासाठी वेगळा आलेख काढावा लागेल, आणि तो अगदी सोपा आहे. एक त्रिकोण.

त्रिकोणाचं गणित

तीन माणसं म्हणजे तीन बिंदू. दोघांचं जमत असेल तर त्यांना जोडणाऱ्या रेषेवर अधिक (+), बिनसलं असेल तर उणे (−). आता तिन्ही चिन्हांचा गुणाकार करा. उत्तर अधिक आलं तर त्रिकोण संतुलित, उणे आलं तर असंतुलित.

तिन्ही अधिक: संतुलित. एक अधिक, दोन उणे: हेही संतुलित, कारण दोघे एकत्र आणि तिसरा बाहेर, भांडण आहे, पण कोण कोणाच्या बाजूला हे स्पष्ट आहे. आणि दोन अधिक, एक उणे? असंतुलित. हाच तो डोकेदुखीवाला त्रिकोण. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९४६ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९५६ मध्ये कार्टराइट व हॅरारी यांनी तिला आलेखशास्त्राची भाषा दिली.

असंतुलित त्रिकोणातून बाहेर पडायचे सरळ मार्ग दोनच. एकतर उणे पुसून टाका, म्हणजे समेट करा. नाहीतर मधला माणूस कोणा एकाची बाजू घेतो आणि एक अधिक तुटतं.

आता हे बँडला लावू

२००१ मध्ये टॉमने बाजूला एक वेगळा प्रकल्प सुरू केला, बॉक्स कार रेसर. ड्रम्स वाजवायला त्याने ट्रॅव्हिसला बोलावलं, मार्कला मात्र घेतलं नाही. मार्कला हे फार लागलं. त्याने ते पुढे मुलाखतींत उघड सांगितलंय. टॉम–मार्क या रेषेवर उणे आलं. ट्रॅव्हिस दोघांचाही, आणि मध्ये अडकलेला.

पुढे टॉमला घरच्यांसाठी मोठी सुट्टी हवी होती, बाकी दोघांना पुढचे बेत पार पाडायचे होते. मॅनेजरांमार्फत निरोप जायला लागले. मग काय झालं? मार्क आणि ट्रॅव्हिसने मिळून ‘+४४’ नावाचा बँड काढला, टॉमने ‘एंजल्स अँड एअरवेव्ह्ज’. एक अधिक, दोन उणे. त्रिकोण संतुलित झाला, बँड संपला!

समेट कसा झाला हेही बघा. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा निर्माता जेरी फिन वारला. पुढच्याच महिन्यात ट्रॅव्हिस बसलेलं विमान अपघातात सापडलं. चौघं गेले, तो गंभीर भाजून वाचला. टॉमने संपर्क साधला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तिघे परत एकत्र. पण पुढच्या अल्बमचं बरंचसं काम टॉम सॅन दिएगोत आणि बाकी दोघे लॉस एंजेलिसमध्ये, असं झालं. जानेवारी २०१५ मध्ये टॉम पुन्हा बाहेर. तीच रेषा टिकली, त्याच दोन तुटल्या. नवा गिटारवादक घेऊन केलेला २०१६ चा अल्बम तरीही पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे दोन्ही आलेख खरंच वेगळे. २०२१ मध्ये मार्कला कर्करोग झाला, आणि २०२२ मध्ये तिघे तिसऱ्यांदा जुळले.

एका बँडवरून एवढं?

रास्त प्रश्न. झालेल्या घटनांवर मॉडेल बसवणं सोपं असतं, म्हणून मोठा नमुना लागतो. २०१० मध्ये सेल, लँबियॉट आणि थर्नर यांनी ‘पार्डस’ या ऑनलाइन गेममधल्या खेळाडूंची मैत्री आणि वैरं तपासली. तिन्ही अधिक असलेले त्रिकोण योगायोगाने मिळावेत त्यापेक्षा खूप जास्त निघाले, आणि एकच उणे असलेले खूप कमी.

त्याआधी २००५ मध्ये, म्हणजे बँड फुटला त्याच वर्षी, अंताल, क्रापिव्हस्की आणि रेडनर या संशोधकांनी विचारलं होतं: असे त्रिकोण सुटत गेले तर पूर्ण नेटवर्कचं काय होईल? त्यांच्या मॉडेलमध्ये एक आकडा कळीचा आहे. एकच उणे असलेल्या त्रिकोणात ते उणे पुसलं जाण्याची शक्यता किती? मोठ्या नेटवर्कमध्ये ती निम्म्याहून जास्त असेल तर शेवटी सगळेच मित्र होतात. कमी असेल तर कुरबुरी चालूच राहतात.

मॉडेलच्या मर्यादा आहेतच. नाती फक्त अधिक-उणे नसतात, आणि पहिलं उणे का आलं हे मॉडेल सांगत नाही. पण एक गोष्ट ते नीट दाखवतं. बँड फुटला की चाहते एक खलनायक शोधतात. इथे बहुतेकांनी टॉमला धरलं. गणितात खलनायक नसतो. तिथे दिसतं ते इतकंच, की दोघांमधलं न मिटलेलं उणे तिसऱ्याचीही रेषा ओढतं. ब्लिंक-१८२ ला ते पुसायला एकदा विमान अपघात लागला आणि एकदा कर्करोग.

तुमच्या लॅबमध्ये, फ्लॅटमध्ये, ग्रुपमध्ये असा त्रिकोण असेल तर कागदावर काढून बघा. आणि मधले तुम्ही असाल, तर बाजू निवडण्याआधी त्या दोघांना एकदा समोरासमोर बसवून बघा.

पुढच्या लेखात चौथा माणूस आणू. तीन बिंदूंना तीन रेषा, चार बिंदूंना सहा. डोकेदुखी किती वाढते ते तेव्हा मोजू!